पकड

1947 साली मद्रासजवळच्या चिंगलपेट इथल्या कुष्ठधामात डॉ. पॉल ब्रँड यांनी एका रुग्णाचा हात हातात घेतला. बोटं आत मुडपलेली, अंगठा तळव्याला चिकटलेला. कुष्ठधामाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे त्वचारोगाचे जाणकार. हाडं आणि स्नायूंच्या अंगाने या आजाराकडे आजवर कुणी सर्जन फिरकलेला नाही, ही त्यांची खंत होती. ब्रँड यांनी त्या रुग्णाला सांगितलं, माझा हात जोरात दाब. निकामी ठरवून सोडून दिलेल्या त्या पंज्याने असा काही दाब दिला, की सर्जनच्या हातात कळ गेली.

कुष्ठरोगात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला हा प्रसंग कधी ना कधी सांगितला जातोच. त्याचं मर्म मात्र टेबलापाशी बसून हात तपासायला लागल्यावर कळतं. या आजाराचा जंतू शरीराच्या थंड भागांत फोफावतो. नसा जिथे कातडीच्या लगेच खाली येतात तिथे त्या सुजतात आणि मरतात: कोपराच्या मागे, मनगटाच्या किंचित वर, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या आतल्या बाजूला. त्यामुळे पंज्यातले छोटे स्नायू लुळे पडतात. पण कोपर ते मनगट या भागात बोटं मिटणारे जे मोठे स्नायू आहेत, त्यांतले बरेच शाबूत असतात, कारण त्यांच्याकडे जाणारी नसेची फांदी बिघाडाच्या वरच फुटलेली असते. ब्रँड यांना कळ आली ती या शाबूत स्नायूंच्या जोरामुळे. मग यातलाच एखादा कंडरा काढून लुळ्या पडलेल्या स्नायूचं काम त्याच्यावर सोपवता येणार नाही का? पोलिओच्या रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया होत होत्या. कुष्ठरुग्णासाठी एवढी खटपट करावी असं कुणाला वाटलं नव्हतं, इतकंच.

ब्रँड यांचा जन्म 1914 चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. वडील जेसी डोंगरातल्या लोकांची घरं बांधायचे आणि जखमाही धुवायचे. त्या जखमा, तो पू पाहून लहानग्या पॉलला वैद्यकीची शिसारी बसली होती. नऊ वर्षांचा असताना त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडलं गेलं आणि 1929 मध्ये वडील तापाने गेल्याची बातमी त्याला तिथेच कळली. पुढे त्याने आधी शिकून घेतलं ते सुतारकाम, गवंडीकाम. डॉक्टरी नंतर आली. युद्धकाळातल्या लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांतले जखमी हाताळत तो सर्जन झाला आणि 1946 मध्ये डॉ. आयडा स्कडर यांनी उभारलेल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवायला आला. विटा रचण्यात आणि रंधा मारण्यात गेलेली ती वर्षं फुकट गेली असं त्याला एके काळी वाटलं असेलही. वेल्लोरला त्याच वर्षांनी त्याला तारलं.

ख्रिस्ती डॉक्टर, ख्रिस्ती नर्स म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच मनात येतात: एक सेवाभाव आणि दुसरी धर्मांतराची शंका. प्रस्तुत लेखिका मराठी ख्रिस्ती घरातली, आणि एका कुष्ठरुग्णालयात फिजिओथेरपीचं काम करणारी. तिला या दोन्हींतून तिसरीच गोष्ट निसटल्यासारखी वाटते, ती म्हणजे कामाचा कस. येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केल्याची गोष्ट रविवारच्या शाळेतल्या पोरालाही पाठ असते. हात लावायचा तर तो काय शोधण्यासाठी, कितपत दाबायचा, कोणता स्नायू जिवंत आहे आणि कोणता नाही, हे मात्र शिकून घ्यावं लागतं. स्नायूची ताकद मोजायची पट्टी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या हातांना एकच. प्रार्थनेने सुरू झालेल्या दिवसात टाका सैल पडला तर तो सैलच पडलेला असतो. ब्रँड यांची श्रद्धा त्यांच्या टाक्यात, त्यांच्या नोंदवहीत उतरली होती, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांना ती विश्वासार्ह वाटते.

शस्त्रक्रियेनंतरचा भाग फिजिओथेरपिस्टचा. बोट मिटणाऱ्या दोन कंडरांपैकी एक, बहुधा मधल्या बोटाचा, सोडवून घेतात, त्याचे चार पदर करतात आणि एकेक पदर एकेका बोटाच्या बाजूने नेऊन शिवतात. त्याआधी कित्येक दिवस हात गरम मेणात बुडवून, तेल लावून, आखडलेले सांधे मोकळे करावे लागतात. सांधा आखडलेला असेल तर नवा कंडरा ओढणार काय? शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन आठवडे प्लास्टर. ते कापलं की हात पातळ, पांढुरका, घाबरलेला दिसतो. समोर बसून सांगायचं, "दादा, मधलं बोट मिटा." तो नेहमीसारखं मधलं बोट मिटायला जातो, आणि चारही बोटं सरळ राहून मुळापासून वाकतात. तो दचकतो. आपण केलं एक, झालं दुसरंच. "पुन्हा करा. बघू नका, फक्त मिटा." मेंदूने जुन्या हुकमाला नवं काम जोडून घेईपर्यंत हेच चालतं, सकाळ-दुपार.

मग घासाची परीक्षा. काट्या-चमच्याने जेवणाऱ्यांना कळणार नाही, पण आपल्याकडे हाताची खरी कसोटी ताटात आहे. आमटी-भात कालवून तो उचलायचा तर बोटं एकमेकांना लागून, मुळाशी वाकलेली आणि पुढे सरळ राहावी लागतात. मुडपलेल्या पंज्यातून भात गळतो, म्हणून माणूस पंगतीत बसायचं टाळतो. चौघांत बसून जेवता आलं की तो आपोआप चौघांतला होतो.

ब्रँड यांच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक तरुण हात दुरुस्त होऊन घरी गेला आणि काही काळाने खंगून परत आला. त्याचं म्हणणं साधं होतं: हे हात भीक मागायला चांगले नाहीत. वाकडी बोटं पाहून लोक पैसे टाकत, आता टाकत नाहीत, आणि कुष्ठरोगाचा शिक्का असल्याने काम कुणी देत नाही. दुसरा एखादा सर्जन म्हणाला असता, माझं काम टेबलावर संपलं. ब्रँड यांनी रुग्णालयाच्या आवारात मातीच्या झोपड्या उभ्या केल्या, सुतारकामाची शाळा काढली आणि बधिर हातांनी करवत कशी धरायची हे स्वतः शिकवलं. 'नवजीवन निलयम' हे त्या वस्तीचं नाव. लंडनमध्ये शिकलेला रंधा इथे उपयोगी पडला.

याच वस्तीत वैद्यकशास्त्राला वळण देणारी गोष्ट घडली. कुष्ठरोग्याचं मांस आतूनच सडतं, बोटं गळून पडतात, असं तोवर लोक मानत आणि डॉक्टरही. ब्रँड यांनी पोरांच्या हातावरची प्रत्येक जखम नोंदवायला सुरुवात केली: ही कशाने, केव्हा, कुणी पाहिलं? फोड आला तो तापलेल्या भांड्याने, चीर पडली ती हातोड्याच्या दांड्याने. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, एका लहान रुग्णाने किल्ली सहज फिरवली. मागे पाहतात तो किल्लीने त्याचं बोट हाडापर्यंत कापलेलं, आणि त्याला पत्ता नाही. तरीही काही बोटं रात्रीतून आखूड होत होती, त्याचा उलगडा होईना. शेवटी रात्रभर पहारा ठेवला. उंदीर येऊन झोपलेल्याचं बोट कुरतडत होता, आणि झोपलेला जागा होत नव्हता. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या सामानात मांजरही असायचं.

वेदना नाहीशी झाल्याने माणूस स्वतःच्या शरीराची नासाडी करत राहतो, हे निदान आज विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता येतं. ते हाती आलं ते मात्र त्या पोरांच्या जखमांच्या नोंदवहीतून. 1952 मध्ये ब्रँड यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये हंटेरियन व्याख्यान दिलं, 1960 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांची पत्नी डॉ. मार्गारेट यांनी डोळ्यांचं काम अंगावर घेतलं. पापणी मिटत नसेल तर चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा पापणीत ओवायचा, मग दात आवळले की डोळा मिटतो. आणि डॉ. मेरी व्हर्गिस! 1954 च्या अपघातात कमरेखालचं अंग लुळं पडलेली ही केरळची तरुण डॉक्टर. शस्त्रक्रिया उभं राहूनच करावी असं कुठे आहे, हाताची शस्त्रक्रिया बसून होते, असं ब्रँड यांनी तिला सुचवलं. तिने चाकाच्या खुर्चीवर बसून कुष्ठरुग्णांचे हात दुरुस्त केले आणि पुढे वेल्लोरचा पुनर्वसन विभाग उभा केला. भक्तीचं हे रूप चर्चमधल्या वेदीपेक्षा प्रस्तुत लेखिकेला अधिक जवळचं वाटतं, हे इथे मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

महाराष्ट्रात या कामाची मुळं खोल आहेत. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन रुग्णालय सुरू केलं. त्याच गावातलं रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल आणि परतवाड्याजवळचं कोठारा इथलं रुग्णालय ही लेप्रसी मिशनची ठिकाणं कुष्ठरुग्णांच्या ओळखीची आहेत. काम एका धर्माचं कधीच नव्हतं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, कोंढव्यापासून जे. जे. रुग्णालयापर्यंत कुष्ठरुग्णांच्या प्लास्टिक सर्जरीसाठी झटलेले पारशी सर्जन डॉ. नोशीर अंतिया, ही सगळी माणसं आपापल्या श्रद्धेने त्याच हातापाशी पोचली.

औषधाचा प्रश्न बहुऔषधोपचाराने, 1982 पासून, बराच सुटला. 2005 च्या अखेरीस देशात दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, ही पातळी गाठली गेली. तरी वर्षाला लाखभर नवे रुग्ण भारतात आजही सापडतात, आणि जंतू मेला तरी मेलेली नस परत येत नाही. औषधाचा कोर्स संपवून गेलेली बाई दहा वर्षांनी तळव्याला भोक घेऊन येते. तिला 'बरी झालीस' असं सांगून पाठवलेलं असतं, पायाचं कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून तपासणी पायापासून. डोळे मिटायला लावून नायलॉनचा तंतू टेकवायचा, हातासाठी 2 ग्रॅम दाबाचा, तळव्यासाठी 10 ग्रॅमचा. "मावशी, लागलं की बोट ठेवा तिथे." तंतू वाकतो, मावशी गप्प. मग सवयी विचारायच्या. भाकरी कशी उलटता? बोटांनीच. फोड कुठे आहेत ते त्या उत्तरातच आलं. सांडशी धरायची, तव्याला लाकडी मूठ लावायची, चूल असेल तर लांब फुंकणी. रोज संध्याकाळी पाय वीसेक मिनिटं पाण्यात बुडवायचे, जाड कातडी खरवडायची, ओल टिकून आहे तोवर खोबरेल तेल चोळायचं, आरशात तळवा बघायचा. मावशी म्हणतात, "ताई, एवढं कोण करणार?" प्रश्न रास्त आहे. ऊसतोडीहून आलेल्या बाईला अर्धा तास स्वतःच्या पायांशी बसता येणं ही चैन आहे. सल्ला देणाऱ्याने ते धरूनच सल्ला द्यावा. सकाळी पाणी तापतंच, तेव्हा पाय घालता येतील का, असं जुळवून घ्यावं लागतं.

सगळ्यात शेवटी चप्पल. दाब पसरवणारा मऊ मायक्रोसेल्युलर रबर वेल्लोरच्या प्रयोगांतून आला, तोच आता सरकारी केंद्रावर 'एमसीआर चप्पल' म्हणून मिळतो. खालचा तळ कडक, वरचा थर मऊ, टाचेमागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. वर आलेला खिळा या पायाला कळणार नाही, म्हणून सगळं शिवून आणि चिकटवून. चांगला कारागीर आधी कागदावर पाय उभा करून माप घेतो, जखमेच्या जागी रबर थोडा कोरतो आणि पंधरवड्याने पुन्हा बोलावतो, कारण कुठे दाब पडतो ते वापरलेल्या चपलेवर उमटतं. एका तरुण बाईने नवीकोरी चप्पल तशीच परत आणली होती. सगळ्या गावाला ओळखू येते, म्हणाली, आणि भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. कारागिराने काळे पट्टे उसवले, बाजारातल्या चपलांसारखे तपकिरी आणले, वर एक साधं बक्कल बसवलं. टाचेचा पट्टा काढून द्या, असं तिने पुन्हा एकदा विचारून पाहिलं. तो मात्र त्याने काढला नाही.