जोडीच्या हिशेबात

वीटभट्टीवर मजूर सुटे मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा-बायकोची जोडी. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं की उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली जाते. दिवाळीनंतर भात झोडून झालं की बिऱ्हाडं टेम्पोत चढतात आणि वसई-भिवंडीकडे, नाहीतर हद्द ओलांडून गुजरातेत जातात. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. दर हजार विटांमागे ठरलेला असतो. चिखल तुडवायला पहाटे दोघंही उठतात, पण उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि शेवटचा हिशेबही त्याच्याशीच होतो.

स्त्री-पुरुष समानतेसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत मी इंटर्न होते, तेव्हा या भागात आले. काम साधं होतं. पाड्यावर जायचं, बायकांशी बोलायचं, टॅबवरचा फॉर्म भरायचा, संध्याकाळी टिपणं लिहायची. तलासरीतल्या एका पाड्यावर कुडाच्या घराच्या ओट्यावर बसून एका बाईला विचारलं, भट्टीवर कोण जातं? म्हणाली, नवरा. आणि तुम्ही? म्हणाली, मी त्याच्यासोबत असते. तिथं काय करता, असं विचारल्यावर मात्र तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि हातांनीच दाखवायला लागली. असा गोळा करायचा, वाळूत घोळवायचा, साच्यात दाणकन टाकायचा, वरचं जास्तीचं काढून साचा उलटा करायचा. ओळी लावायच्या. मग उन्हाप्रमाणे विटा पलटायच्या. बोलता बोलता तिच्या हातांना तो वेग आला, जो रोज शेकडो वेळा केलेल्या कामालाच येतो. नखांच्या कडा खाऊन गेल्या होत्या. दिवसाकाठी हजार-बाराशे पडतात, असं म्हणाली. कोणाच्या? ‘आमच्या जोडीच्या.’

माझ्या फॉर्ममध्ये ‘स्वतःचं उत्पन्न’ असा रकाना होता. तिच्या उत्तरानं तो रिकामाच राहत होता, आणि त्या रिकाम्या जागेवरच माझं सगळं लक्ष खिळलं. कष्ट करूनही जिचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर जमा होतो, अशी ही बाई. समानतेची गोष्ट इथून सुरू करायला हवी, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

ही तऱ्हा या मातीत जुनी आहे. गोदूताई परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लग्नगडी भेटतो. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचा आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षं, कधी जन्मभर, त्याच्याकडे राबायचा. नव्या नवरीलाही त्याच्या मागोमाग सावकाराच्या दारात जावं लागायचं. कर्ज त्याचं, राबणूक दोघांची. मागणी तिनं केली नव्हती, पैसा तिनं पाहिला नव्हता, तरी गहाण तीही पडत होती. 23 मे 1945 रोजी तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या त्या त्यानंतर महिनाभरानं, 26 जूनला. स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख त्या सनदेच्या प्रास्ताविकातच आहे. आमच्या संस्थेची वंशावळ त्या सनदेपर्यंत जाते. मला मात्र झरीची सभा त्या सनदेइतकीच जवळची वाटते, कारण फुकट राबणूक नाकारण्याचा हक्क तिथं अनवाणी माणसांनी स्वतः उच्चारला.

भट्टीवर जाणाऱ्या त्या बाईला मी पाड्यावरच विचारलं होतं, धाकट्याला कोण बघतं? तिनं दाराकडे मान वळवली. दहा-अकरा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. भट्टीवर स्वयंपाकही तीच करते.

ही कडेवर भावंडं घेतलेली मुलगी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कधीच पाहिली होती. 1945 साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम 1957 मध्ये डहाणू तालुक्यातल्याच कोसबादच्या टेकडीवर गेलं. मुली शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी आईबापांच्या अडाणीपणात शोधलं नाही. मुलीच्या कडेवर मूल आहे, ते कोणीतरी उतरवून घ्यायला हवं, इतक्या सरळपणे त्यांनी पाहिलं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. गुरं वळणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. मुलीचं आयुष्य घरच्यांच्या सोयीनं कसं परस्पर ठरतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. 1975 पासून देशभर पसरलेल्या अंगणवाडीचं एक मूळ या दोघींच्या प्रयोगांत आहे.

मूल सांभाळणं हेही कामच आहे, हे जगाच्या कागदावर यायला बराच काळ गेला. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकास ध्येयांत बिनपगारी घरकामाची दखल घेण्याचं कलम आलं. आपल्याकडच्या 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती, पुरुषाची 97. त्या मुलीला पाहिल्यापासून ते मला नुसते आकडे वाटत नाहीत.

कागदावर बाईचं नाव लावल्यानं काय होतं, असं शहरातली शिकलेली माणसंही मला विचारतात. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. एका घरात पत्र्याच्या पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असा पट्टा बाहेर आला. घरमालकीण वाचू शकत नव्हती. तरी आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं; त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘आता मला विचारल्याबिगर तो जमीन कोणाला देऊ शकत नाय.’

मी अहवालात इतर मुद्द्यांसोबत एक मागणी लिहिली: स्थलांतराआधी ग्रामपंचायतीत जी नोंद व्हावी तीत बाईचं नाव वेगळं असावं, उचलीच्या कागदावर तिचीही सही किंवा अंगठा असावा, आणि हजारी दरातला तिचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात जावा. आणि भट्टीच्या आवारात पाळणाघर हवं. ते कोणी चालवायचं, त्याचा खर्च भट्टीमालकावर टाकायचा की सरकारवर, यावर आमच्यात पुष्कळ वाद झाला. माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं: विटा ज्याच्या, त्यानं पाळणाही बांधावा.