ध्रुवप्रकाशाचा बेत

प्रवासाचे बेत आखण्यांत आम्ही स्वतःला मोठे तरबेज समजतों. गाडीची वेळ, उतरण्याची जागा, पाहावयाचीं देवळें, इतकेंच नव्हे तर वाटेंत चहा कोठें घ्यावयाचा, हेंहि आमच्या वहींत आधीं लिहिलेलें असतें. परंतु गेलें वर्षभर ती वही आमची फजिती करीत आहे. कारण आम्हां उभयतांना जावयाचें आहे तें नॉर्वेंतील ट्रॉम्सो नगरीस, आणि पाहावयाचा आहे तो उत्तरेकडील ध्रुवप्रकाश. विमानाचें तिकीट काढतां येतें, खोली राखून ठेवतां येते. त्या प्रकाशाला मात्र कोणी वेळापत्रक लावून दिलेलें नाहीं.

पहिली अडचण सुटीची. प्राध्यापकाची मोठी सुटी मे महिन्यांत. आणि ट्रॉम्सो ६९ अंशांच्याहि उत्तरेस असल्यामुळें मेच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत तेथें सूर्य मावळतच नाहीं. जेथें रात्रच नाहीं, तेथें आकाशांत दिवा लागला काय आणि न लागला काय! नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाहीं, काळोख भरपूर. पण आमची नाताळची सुटी चार दिवसांची. राहिली दिवाळी. पंचांग उघडतांच ध्यानांत आलें, कीं दिवाळी म्हणजे अमावास्या; फिकट प्रकाश पुसून टाकणारा चंद्र तेव्हां आकाशांत नसतो. घरच्या पणत्या सोडून परक्या काळोखांत सण घालविणें सौभाग्यवतींना रुचेल कीं नाहीं, याची धास्ती होती. त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, दिवे तिथेंहि लागणारच आहेत ना?"

दुसरी अडचण सूर्याची. सूर्याकडून येणारे विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रांत सांपडून ध्रुवांभोवतींच्या पट्ट्यांत वातावरणावर आदळतात. शंभर-दीडशें किलोमीटर उंचीवरचा प्राणवायु त्यामुळें हिरवा उजळतो, त्याहून बराच वरचा तांबडा. सूर्याचा हा खटाटोप सुमारें ११ वर्षांच्या फेऱ्यांनीं वाढतो व ओसरतो. अलीकडचा बहर २०२४ सालचा. त्या वर्षीं १० मेच्या रात्रीं लडाखांतील हानले येथूनहि आकाशांतील तांबडी प्रभा टिपली गेली. पुतण्या म्हणाला, "काका, आतां नाहीं तर थेट पुढच्या दशकांत!" आम्ही शोध केला, तों कळलें कीं ट्रॉम्सो त्या पट्ट्याखालींच वसलेलें असल्यामुळें सूर्य मंद असतांनाहि तेथें प्रकाश दिसतो. आम्हांला हायसें वाटलें. मग घाई कसली? आधीं गच्चीची गळती काढावी, निवृत्तीनंतर सवडीनें जावें, असें ठरवून वही मिटली.

गेल्या मार्गशीर्षांत गांवीं गेलों होतों. डोळ्यांना काळोखाची संवय व्हावयास वीस-पंचवीस मिनिटें लागतात, आणि मंद उजेडांत रंग नीट उमगत नसल्यानें छायाचित्रांतला हिरवागार प्रकाश डोळ्यांना पुष्कळदां राखी ढगासारखा भासतो, असें वाचलें होतें. म्हणून तालमीखातर दिवे मालवून अंगणांत बसलों. अर्ध्या तासानें कृत्तिका मोजल्या. आम्हांला सहा दिसल्या. "तुला?" म्हणून विचारलें. सौभाग्यवती बराच वेळ वर पाहत राहिल्या; मग हळूच म्हणाल्या, "कोणत्या बाजूला पाहूं?"

लग्नानंतरच्या पहिल्या हिंवाळ्यांत ह्याच अंगणांतून त्यांनींच आम्हांला कृत्तिका ओळखावयास शिकविलें होतें.

पुण्यास परतल्यावर नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें, कीं दिवसाची दृष्टि चांगली आहे. रात्रीची मात्र हळूहळू उणी होत जाईल. किती वर्षांत, हें सांगतां येत नाहीं. त्या रात्रीं वही पुन्हां उघडली. तींत सूर्याचें गणित होतें, चंद्राचें होतें, सुटीचें होतें. ज्या डोळ्यांनीं तो प्रकाश पाहावयाचा, त्यांचें गणित मात्र आम्हीं कोठेंच मांडलें नव्हतें. सूर्याचा बहर ११ वर्षांनीं फिरून येईल.

येत्या दिवाळीचीं तिकिटें काढलीं आहेत. तिकडच्या किनाऱ्यावर ढग फार, म्हणून चार रात्रींच्या सात केल्या. एखाद-दुसरी तरी निरभ्र मिळावी. गच्चीची गळती आणखी एक पावसाळा सोसेल. सौभाग्यवतींनीं एकदांच विचारलें, "नाहींच दिसलें मला, तर?" जें दिसेल तें सांगूं, असें आम्ही म्हणालों. त्यावर त्या हंसल्या. "तुमचें वर्णन! तीस वर्षें पोरें तें ऐकत झोपा काढताहेत. त्यापेक्षां चकल्यांचा डबा घ्यायचा, तेवढें लिहून ठेवा."

त्या सात रात्रींच्या पानावर आमच्या वहींत सध्यां तेवढेंच लिहिलेलें आहे.