हलकेपणाचें ओझें

'हलका' हा शब्द आपल्या भाषेंत फारसा भरंवशाचा नाहीं. हलक्या हातानें केलेलें काम सुबक होतें, पण हलक्या कानाचा मनुष्य घर बुडवितो. हलका आहार प्रकृतीला मानवतो, पण हलकी जमीन शेतकऱ्याला रडविते. म्हणून कोणी एखादी वस्तु 'हलकी' म्हणून माझ्यापुढें ठेविली, कीं ती या दोहोंपैकीं कोणत्या अर्थानें हलकी आहे हें मी आधीं पाहतों. गेले कांहीं महिने मी अशाच एका वस्तूच्या सहवासांत आहें. जुन्या संगणकांसाठीं म्हणून तयार केलेली लिनक्सची ती एक हलकी प्रणाली. तिचें नांव मी येथें देत नाहीं. तिच्या कर्त्यांनीं ती मला विनामूल्य दिली आहे, आणि धर्माच्या गाईचे दांत मोजावयाचेच झाले तर निदान चव्हाट्यावर मोजूं नयेत.

माझा संगणक २०१२ सालचा. त्याच्या बिजागऱ्या अजून घट्ट आहेत, कळा शाबूत आहेत, पडदा स्वच्छ आहे. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व अलीकडचा प्रोसेसर हीं दोन्हीं माझ्या यंत्राजवळ नाहींत. हातपाय धड असतां केवळ जन्मतारखेवरून घरीं बसविण्याचाच हा प्रकार! पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाला अशा यंत्राविषयीं जिव्हाळा न वाटला तरच नवल.

शिवाय या मंडळींची परंपराच मोह पाडणारी आहे. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें छंद म्हणून लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला व तो जगापुढें उघडा ठेविला. ऑलिव्हिए फूर्दां यानें १९९६ मध्यें एक्सएफसीई या आटोपशीर डेस्कटॉपचा आरंभ केला. बॅरी कौलर या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें २००३ मध्यें 'पपी लिनक्स' काढिलें, आणि त्याला नांव दिलें तें आपल्या चिमुकल्या कुत्र्याचें. ही सबंध प्रणाली यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत मावते. हार्ड डिस्क निकामी झालेला संगणकहि तिच्या बळावर उठून बसतो. वार लावून जेवणाऱ्या मुलांना एक पैहि न घेतां शिकविणाऱ्या शास्त्रीबुवांची आठवण व्हावी, असें हें औदार्य आहे. माझें गाऱ्हाणें आहे तें या औदार्याचा लाभ घेतांना काय सोसावें लागतें याविषयीं.

खिडकीची कडच पाहा. खिडकी लहानमोठी करावयाची तर तिची कड माउसनें धरावी लागते. माझ्या प्रणालींत ही कड एका पिक्सेलची, म्हणजे केवळ एका ठिपक्याएवढी आहे. पडद्यावर आडवे १३६६ ठिपके. त्यांतला नेमका एक साधावयाचा! बाण किंचित् आंत गेला कीं मजकुरांत शिरतो, किंचित् बाहेर गेला कीं मागची खिडकी पुढें येते. सुईंत दोरा ओवतांना निदान चष्मा पुसून डोळ्याजवळ सुई धरतां येते. येथें तीहि सोय नाहीं. लक्ष्य जितकें लहान आणि जितकें दूर, तितका हाताला तेथें पोंचावयास अधिक वेळ लागतो, हें पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ मध्येंच गणितानें मांडून ठेविलें आहे. जाणकार सांगतात कीं ऑल्ट कळ दाबून धरावी आणि माउसच्या उजव्या बटणानें खिडकी कोठेंहि धरून ओढावी, म्हणजे कड शोधण्याचें कारणच उरत नाहीं. हें अगदीं खरें. मात्र पडद्यावर तें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. पुढचें दार अंगुळभर उघडावयाचें, आणि खरी वाट परसांतल्या चिंचेमागून आहे हें आप्तेष्टांच्या कानांत सांगावयाचें, अशांतला हा पाहुणचार झाला.

याचें कारण शोधूं गेल्यास तें एका चांगल्या तत्त्वांत सांपडतें. प्रत्येक आज्ञावलीनें एकच काम करावें व तें नीट करावें, हा युनिक्सचा जुना दंडक; बेल प्रयोगशाळेंतील डग मॅकिलरॉय यानें तो १९७८ मध्यें शब्दबद्ध केला. त्यानुसार येथें खिडक्यांच्या चौकटी एक आज्ञावली रंगविते, खालची पट्टी दुसरी सांभाळते, फायलींची यादी तिसरी दाखविते. आणि पुष्कळदां या तिघींचे कर्तेहि निरनिराळे असतात. भात एकीनें रांधला, आमटी दुसरीनें केली, पण पानें कोणी वाढावयाचीं हें ठरलेंच नाहीं, अशी स्थिति होते. मीं अक्षरें मोठीं केलीं तीं यादींत मोठीं झालीं. पट्टीवरचें घड्याळ होतें तसेंच बारीक राहिलें. ओपनबॉक्स या हलक्या खिडकी-व्यवस्थापकांत कळांचे संकेत बदलावयाचे, तर आरसी.एक्सएमएल नांवाची फाइल उघडून तींत कोनी कंसांमध्यें लिहावें लागतें. वर्गांत प्रोजेक्टर जोडावयाचा झाला, तर मला एक लांबलचक आज्ञा हातानें टंकावी लागते. साठ मुलें पाहत असतां ती आठवणें हें मोठें मनोरंजक काम आहे—मुलांना.

परंतु खरी परीक्षा घरांत झाली. आमच्या सौभाग्यवती महिला मंडळाच्या चिटणीस आहेत आणि सभांचे वृत्तांत मराठींत टंकित करतात. मराठी कळफलक त्यांना मिळाला. पण या क्षणीं मराठी चालू आहे कीं इंग्रजी, हें दाखविणारी खूण पट्टीवर आपोआप येत नाहीं, ती आपणच नेऊन बसवावी लागते. एकदां त्या चहा टाकावयास गेल्या असतां पडद्याला कुलूप लागलें. परत येऊन त्यांनीं परवलीचा शब्द दिला. यंत्रानें तो नाकारला. पुन्हां दिला, पुन्हां नाकारला. कळफलक मराठीवरच राहिला होता, आणि त्या चौकोनांत सगळीं अक्षरें ठिपक्यांच्याच रूपानें उमटत असल्यामुळें तें कळावयास मार्ग नव्हता. सायंकाळीं मी घरीं आलों तेव्हां त्या शांतपणें वहींत वृत्तांत लिहीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, हें तुमचें यंत्र स्वतः कांहीं लक्षांत ठेवीत नाहीं. सगळें आपणच ठेवायचें!"

त्यांच्या या तक्रारींत मला सारा हिशेब उलगडला. हलक्या प्रणालींचे भक्त एकमेकांना आंकडे सांगतात: अमकी सुरू होतांना तीनशें मेगाबाइट घेते, तमकी चारशें. यंत्राची वाचविलेली स्मृति मोजली जाते. तिच्यापायीं माणसाची किती खर्ची पडली तें कोणत्याच खात्यावर मांडलें जात नाहीं. आणि ही काटकसर टिकते तरी किती? ब्राउझर उघडून चारदोन पानें वाचावयास घेतलीं, कीं वाचविलेल्याच्या कित्येक पट स्मृति तो एकटा गिळतो. साबणाची चिपाट जपून ठेवावी आणि नळ रात्रभर वाहता सोडावा, त्यांतलेंच हें.

हलकेपण आलें म्हणजे एवढी गैरसोय ओघानें आलीच, असा युक्तिवाद केला जातो. तो मला पटत नाहीं. १९८४ मधील पहिल्या मॅकिंटॉशजवळ अवघी १२८ किलोबाइट स्मृति होती. तरीहि सुझन केअर हिनें चौकटींच्या कागदावर एकेक ठिपका भरून काढलेल्या चित्रांच्या आधारें संगणक कधीं न पाहिलेला मनुष्यहि त्यावर काम करूं लागे. माझ्या 'दरिद्री' यंत्राजवळ त्याच्या हजारों पट स्मृति आहे. कड रुंद ठेवावयास, चालू भाषेची खूण दाखवावयास असा काय खर्च येतो? दुसरें उत्तर मिळतें तें 'शिका म्हणजे येईल' हें. शिकण्याला माझी ना नाहीं; माझें पोटच त्यावर चालतें. पण सबंध वर्ग एकाच प्रश्नांत अडला, तर चांगला परीक्षक प्रथम प्रश्नपत्रिका पुन्हां वाचतो.

हें सारें आतांच लिहावयाचें कारण असें, कीं आमच्या महाविद्यालयांत असेच चौदा जुने संगणक भंगारांत जावयाचे आहेत, आणि त्यांवर ही प्रणाली घालून ते वाचनालयांत ठेवावे अशी सूचना मींच केली आहे. आमच्याकडे अशीं पुष्कळ मुलें येतात, ज्यांच्या घरीं फोनपलीकडे कांहीं नाहीं. पहिला अर्ज, पहिला निबंध तीं याच यंत्रांवर टंकतील. तीं मुलें फार विचारीत नाहींत. एकदां यंत्रानें नाकारलें, कीं आपल्यालाच येत नाहीं असें समजून उठून जातात. म्हणून सूचनेबरोबर अटींची एक यादीहि मीं जोडली आहे. जाड कडांची सजावट निवडावी, भाषेची खूण पट्टीवर ठळक बसवावी, आणि ऑल्ट कळेची युक्ति प्रत्येक यंत्रावर मराठींत छापून लावावी. यादी सौभाग्यवतींनीं तपासून दिली आहे. कुलपाच्या पडद्याविषयींचें कलम त्यांचें.

सोमवारीं समितीपुढें हें सर्व करून दाखवावयाचें आहे. प्रोजेक्टरची आज्ञा मीं एका चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या झांकणाला आंतून चिकटविली आहे.