सोय कोणाची?

आदिलाबादला चार बायका एकत्र बसल्या की बोलणं मराठीत सुरू होतं, मध्येच तेलुगूत शिरतं आणि शेवटी पासबुकावर येऊन थांबतं. हे पासबुक बँकेचं नव्हे, शेताचं. पैनगंगेपलीकडे माहेर असणाऱ्यांना सातबारा ठाऊक असतो; आमच्याकडे त्या जागी पट्टादार पासबुक. त्यावर नाव असलं तर सरकारची मदत, बँकेचं कर्ज, शेतकरी विमा. नाव नसलं, तर जन्मभर निंदण आणि कापूसवेचणी करूनही कागदावर तुम्ही कोणीच नाही.

या पासबुकाचा सगळा कारभार 2020 साली संगणकाच्या पडद्यावर गेला. 29 ऑक्टोबर 2020 ला ‘धरणी’ नावाचं पोर्टल सुरू झालं. त्यात चांगलं होतं ते आधी सांगते. पूर्वी खरेदीखत एका कार्यालयात आणि फेरफार दुसऱ्या कार्यालयात, त्यात महिने जायचे. धरणीत वेळ ठरवून तहसीलमध्ये जायचं, खरेदी आणि फेरफार तिथेच एकदम. हे सुख लहान नव्हतं.

पण पडद्यावर कामांचे प्रकार किती? तब्बल 33! प्रत्येकाचं दार वेगळं. पासबुकातल्या माहितीत दुरुस्ती हवी असेल तर ‘टीएम 33’ नावाच्या दारातून जायचं. आता मला सांगा, ज्या बाईला फक्त एवढंच कळतं की आपल्या नवऱ्याचं नाव चुकीचं लागलंय, तिने टीएम 33 कुठून शोधायचं? ती मीसेवा केंद्रातल्या मुलापुढे कागद ठेवणार आणि तो दाबेल ते बटण बरोबर मानणार.

त्याहून अवघड गोष्ट पडद्याच्या मागे होती. चुका दुरुस्त करण्याचे बरेचसे अधिकार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे होते आणि 2020 च्या कायद्यात महसूल खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करायची सोय नव्हती. राहिला दिवाणी कोर्टाचा रस्ता. चूक व्हायला एक क्षण पुरे आणि निस्तरायला वकील हवा, अशा मांडणीला सोय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सरकारलाही ते पटलं असावं. जानेवारी 2024 मध्ये यावर पाच जणांची समिती नेमली, डिसेंबर 2024 मध्ये विधानसभेत नवा कायदा झाला आणि 14 एप्रिल 2025 ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, ‘भूभारती’ सुरू झाली. आधी चार मंडलांत वापरून बघितली, मग राज्यभर नेली. 33 प्रकारांचे 6 झाले. तहसीलदार आणि आरडीओ यांच्या हाती दुरुस्तीचे अधिकार आले. तहसीलदाराचा निर्णय पटला नाही तर आरडीओकडे, पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

33 चे 6 झाले, याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. रोजच्या फोडणीचं सामान हाताशी आणि दिवाळीच्या कढया माळ्यावर, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण स्वयंपाकघर मांडताना शहाणी बाई आणखी एक गोष्ट बघते. आपला हात फडताळापर्यंत जातो, सासूबाईंचा जातो का? ज्याने मांडलं त्याचीच सोय झाली तर घरातलं एक माणूस कायम दुसऱ्याला हाक मारत राहतं.

म्हणून भूभारतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी सुधारणा बटणांची नाही, विरासतीची आहे. घरचा कर्ता गेला की वारसांची नावं लावायचा अर्ज होतो. तो भरतो कोण? बहुतेक घरांत मुलगा. वारसांची यादी लिहिणाराही तोच. पडद्यासमोर तो बसलेला असतो. आई आत स्वयंपाकघरात असते, बहीण नांदेडला किंवा यवतमाळला. पडद्याला त्या दिसत नाहीत. तिथे जेवढी नावं लिहिली तेवढंच कुटुंब. नव्या कायद्याप्रमाणे फेरफाराआधी तहसीलदाराने वारसांना नोटीस द्यायची, चौकशी करायची आणि 30 दिवसांत निर्णय द्यायचा.

अर्ज करणारा म्हणेल, ‘उगाच महिनाभर लांबवलं!’ त्याच्या बाजूने बघितलं तर खरंच काम लांबलं. बहिणीच्या बाजूने बघितलं तर त्या महिन्यात तिला कोणीतरी विचारलं. पोर्टल किती भरभर चालतं, हे त्याच्यासमोर बसलेला माणूस सांगेल. ते किती चांगलं आहे, हे मात्र जे समोर बसलेले नाहीत त्यांचं काय झालं, यावरूनच कळतं.

मुलींच्या हक्काचा कायदा नवा नाही. आपण तेव्हा आंध्र प्रदेशात होतो आणि तिथे 1986 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा मिळाला; 2005 मध्ये तो देशभर झाला. हिंदू वारसा कायदा आपल्या जैन घरांनाही लागू आहे, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्या म्हणतात, ‘भावाला सोडून दिलं मी, माहेर तुटायला नको.’ त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. घ्या किंवा सोडा, असं मी कोणालाच सांगणार नाही. आपल्यात त्यागाला फार मोठं स्थान आहे. पण जे आपल्या हाती आलंच नाही, ज्याबद्दल आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही, त्याचा त्याग कसा करता येईल? तो त्याग नव्हे, ते नुसतं वगळणं.

अजून उणिवा आहेत. हा पडदा तेलुगू आणि इंग्रजी बोलतो. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी घरं मराठी आणि गोंडी बोलतात. पण भाषा येत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. घरातल्या शाळकरी नातवाला हाक मारा. जिल्हा, मंडल, गाव आणि सर्व्हे नंबर निवडायला सांगा आणि पट्टादाराच्या रकान्यातलं नाव मोठ्याने वाचून घ्या. टपालाने नोटीस आली तर ती दुकानाच्या बिलांखाली जाऊ देऊ नका. सही करायच्या आधी तीही वाचून घ्या. आपलं नाव हवं तिथे नसलं, तर का नाही, हे तहसीलमध्ये जाऊन विचारा. उत्तर पटलं नाही तर आता त्याच्या वरचं दारही उघडं आहे.