भेंडीची फुले

आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटली, की आमच्या घरी माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा खाली उतरतो. त्यात रंगांच्या बाटल्या, स्पंजाचे तुकडे, मुलांच्या वह्यांना कव्हरे घालून उरलेला खाकी कागद आणि केळीच्या सोपटाची एक गुंडाळी असते. नाताळची भेटकार्डे आम्ही घरीच करतो. त्यात मोठी कलाकुसर आहे असा आमचा मुळीच दावा नाही. ती ओबडधोबडच असतात आणि त्यांवरची फुले चक्क भेंडीच्या ठशांची असतात.

या कामाला कोवळी भेंडी चालत नाही. थोडी जून, हाताला टणक लागणारी अशी पाहून घ्यावी आणि देठापासून बोटभर अंतरावर धारदार सुरीने आडवी कापावी. ताज्या कापाला चीक सुटतो व त्यामुळे रंग ओघळतो. म्हणून तुकडे फडक्यावर पालथे घालून अर्धा तास सुकू द्यावेत. बिया टाचणीच्या टोकाने काढून टाकाव्यात. मग बशीतील ओल्या स्पंजावर पोस्टर रंग पसरावा, त्यावर भेंडी टेकवावी, कागदावर सरळ दाबावी आणि सरळच उचलावी. हात किंचित फिरला, की फुलाचा डाग होतो. पहिला ठसा बहुधा गिचमीड येतो. दुसरा, तिसरा स्वच्छ उमटतो. भेंडीला बहुतेक पाच कप्पे असतात, क्वचित सहा किंवा सात. खाकी कागदावर पांढऱ्या रंगात उमटलेले पाच पाकळ्यांचे ते फूल थेट तगरीसारखे दिसते. पेरूच्या लहान पानाच्या मागच्या बाजूला हिरवा रंग लावून ते दाबले, की शिरांसकट पान उमटते. घडीत आतल्या बाजूला एक पांढरा कागद ठेवून सोपटाचा दोरा ओवला, की कार्ड तयार होते. पांढरा कागद मात्र कोराच असतो. सारी अडचण तेथेच असते.

छापील नाताळकार्ड जन्मले, ते हीच अडचण दूर करण्यासाठी. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांच्यापुढे नाताळच्या पत्रांचा ढीग पडला होता आणि उत्तरे लिहिण्यास सवड नव्हती. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले व त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. एका प्रतीची किंमत होती एक शिलिंग. मधोमध मेजाभोवती बसलेले कुटुंब, एका बाजूस भुकेल्यांना अन्न आणि दुसऱ्या बाजूस उघड्यांना वस्त्र देणारे हात, असे ते चित्र होते. शुभेच्छा छापलेलीच होती. पाठवणाऱ्याने केवळ दोन नावे लिहायची, एक त्याचे आणि एक आपले. कोल यांना आम्ही दोष देत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे बाजारातील कार्डांवर नावे लिहून मोकळे झालो आहोत. आणि आता तर मोबाईलवरून एकच चित्र क्षणात शंभर घरी पोहोचते. परंतु कोऱ्या कागदाने आम्हांला एकदा चांगलेच अडवले. ती हकिकत येथे सांगावीशी वाटते.

वसईच्या आमच्या वाडीत थोरल्या दादांचे घर आणि आमचे घर समोरासमोर आहे. मध्ये वडिलार्जित बावखल. पावसाळ्यात वाडीचे पाणी त्यात साठावे, जमिनीत मुरावे आणि विहिरींना गोडवा द्यावा, ही वाडवडिलांची योजना. वाटणीत बावखल निम्मे त्यांच्याकडे व निम्मे आमच्याकडे आले. २०१५ साली आम्ही आमचा भाग मुरूम आणि राडारोडा टाकून बुजवला. दारापर्यंत गाडी यावी, एवढाच हेतू होता. दादा तेव्हा इतकेच म्हणाले, “अरे, पाण्याला कुठे तरी बसायला जागा हवी.” त्यावर, आमची जागा आहे, आमचे आम्ही पाहून घेऊ, असे उत्तर आम्ही दिले.

पुढे जुलै २०१८ मध्ये वसईत पाऊस कोसळला, तो वाचकांच्या स्मरणात असेलच. रेल्वे बंद पडली, रस्त्यांचे ओढे झाले. आमच्या घराचा जोता उंच, म्हणून आम्ही कोरडे राहिलो. दादांच्या घरात मात्र गुडघाभर पाणी शिरले. तांदळाच्या गोण्या भिजल्या. वहिनींच्या पेटीतील लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून गेले. आमचे अर्धे बावखल राहिले असते, तर वसईचा पूर टळला असता असे कोणी म्हणणार नाही. परंतु आमच्या वाडीतील पाणी पूर्वी कोठे थांबत असे, हे दोन्ही घरांना ठाऊक होते. दादा भांडले नाहीत. ते बोलायचेच थांबले. आम्हीही थांबलो. मुले तेवढी दोन्ही घरांतून जात-येत राहिली.

त्या काळात आम्ही प्रायश्चित्त संस्कार घेतला नाही असे नाही. रागावलो, खोटे बोललो, प्रार्थना चुकवली, हे सारे सांगितले. बावखल मात्र कधी ओठांवर आले नाही. ती व्यवहाराची बाब आहे, पापाची नव्हे, अशी आम्ही आमच्या मनाची समजूत घातली होती.

१६ डिसेंबर २०१८ हा आगमनकाळाचा तिसरा रविवार होता. त्या दिवशी वेदीजवळ गुलाबी मेणबत्ती पेटली. लोक योहानाकडे येतात आणि आपण काय करावे असे विचारतात, ते शुभवर्तमान वाचले गेले. योहान त्यांना काही अवघड सांगत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, ठरलेल्यापेक्षा अधिक घेऊ नये, एवढेच सांगतो. दुपारी आम्ही पत्र्याचा डबा उघडला. आमची धाकटी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने कुठूनशा आणलेल्या भेंड्यांनी एक कार्ड मन लावून केले, फुलांना लाल रंग दिला आणि ते आमच्यापुढे ठेवून म्हणाली, “हे मोठ्या काकांचं. आत तुम्ही लिहा.”

आम्ही उभयतांनी ते कार्ड तीन दिवस कपाटावर ठेवले. चौथ्या दिवशी लेखणी घेतली व वर नाताळच्या शुभेच्छा लिहिल्या. पुढे हात चालेना. छापील कार्ड असते, तर तेवढ्यावर भागले असते. येथे खाली सारा कागद मोकळा होता आणि वर एका लेकराने स्वच्छ मनाने उमटवलेली फुले होती. नुसत्या शुभेच्छा त्या फुलांखाली खोट्या वाटू लागल्या. अखेर आम्ही लिहिले, की बावखल बुजवले ही आमची चूक झाली, तुमच्या घरात पाणी आले, त्यात आमचा वाटा आहे, क्षमा करा. खाली दोघांनी सह्या केल्या.

ते कार्ड मुलीच्या हाती धाडावे, असा मोह आम्हांला झाला. परंतु भावाच्या मनात आपल्याविषयी काही असल्याचे आठवले, तर दान वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, ही प्रभूची शिकवण लहानपणी याच दादांनी आम्हांला पाठ करून दिली होती. २४ तारखेच्या संध्याकाळी आम्ही स्वतः निघालो. अंतर जेमतेम चाळीस पावलांचे होते.

दादा ओटीवर नाताळगोठ्यात पेंढा पसरत होते. चष्मा जवळ नव्हता, म्हणून वहिनींनी कार्ड वाचून दाखवले. वाचताना त्यांचा आवाज मध्येच थांबला. दादांनी कार्ड हातात घेतले, एका फुलावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “भेंडी चांगली जून मिळाली. पोरगी माझ्याच वाफ्यातून घेऊन गेली. कार्डासाठी हवी म्हणाली.”

याहून अधिक ते काही बोलले नाहीत. क्षमा केली, असेही म्हणाले नाहीत. वहिनींनी डोळे पुसले, दाराला कडी घातली आणि मिस्सेला उशीर होईल, आता निघू या, एवढेच म्हणाल्या. त्या रात्री आम्ही सारे एकाच वाटेने चर्चला गेलो.

२०१९च्या उन्हाळ्यात आम्ही बुजवलेल्या भागापैकी निम्मी जागा पुन्हा खणून घेतली. सगळी नाही, तेवढे धैर्य आम्हांला झाले नाही. गाडी आता रस्त्याच्या कडेला उभी राहते. पहिल्या पावसात खड्ड्यात पाणी साठले, तेव्हा दादा काठावर येऊन बराच वेळ उभे होते.

ते कार्ड त्यांच्या भिंतीवर आजही आहे. लाल रंग पार फिका झाला आहे, सोपटाचा दोरा सुटत आला आहे. दर वर्षी नोव्हेंबर उजाडला, की दादा आपल्या वाफ्यातील एका झाडाला चिंधी बांधतात. त्या झाडाची भेंडी कोणी तोडायची नाही. ती कार्डासाठी जून होऊ द्यायची असते.