रेशीमघरातला पारा

पुण्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या भाच्याने काचेच्या पेटीत एक ठिपकेदार पाल पाळली आहे. लेपर्ड गेको हे तिचे नाव. रुक्ष, खडकाळ मुलुखातली ही जात निशाचर असल्यामुळे तिला डोक्यावर प्रखर दिवा मानवत नाही, म्हणून पेटीच्या एका टोकाला खालून ऊब देणारी विजेची गादी आणि त्या गादीवर अंमल चालवणारा थर्मोस्टॅट अशी त्याने तजवीज केली आहे. गेल्या दिवाळीत तो आमच्या गावी, झरीस, आला असता माझ्या रेशीमकिड्यांच्या शेडमध्ये हिंडता हिंडता म्हणाला, "मामा, सगळीकडे सारखीच गरमी ठेवायचा तुमचा हट्ट काही कळत नाही. आमच्याकडे एक टोक बत्तीसवर, दुसरं पंचवीसवर. तिला वाटेल तिकडे ती जाऊन बसते." मी हसून वेळ मारून नेली, परंतु त्याच्या त्या बोलण्याने माझ्याच एका फसलेल्या पिकाची जखम पुन्हा उघडी पडली.

पाल आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही, रेशमाची अळीही करीत नाही. दोघीही बाहेरच्या हवेच्या ताबेदार. भेद असा, की भिंतीवरची पाल ऊन पाहून सरकते आणि सावली पाहूनही सरकते, तर जिला चीनमधल्या माणसाने काही सहस्र वर्षांपूर्वी घरात घेतले आणि त्या पाहुणचारात जिच्या पतंगाची उडण्याची शक्तीसुद्धा लोपली, ती अळी जिथे टाकावी तिथेच पाला खात पडून राहते. तिच्या वतीने सरकायचे ते हवेने, आणि हवेला सरकवायचे ते आम्ही.

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या या गावात हे काम सोपे नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांच्या पुढे जातो. पौषातल्या एखाद्या पहाटे तो परभणीच्या कृषी विद्यापीठात ५ अंशांखालीही नोंदला जातो. आणि आमच्या अळीचा जाबता तर ठरलेला: चॉकीच्या कोवळ्या अवस्थेत २६ ते २८ अंश उष्णता व ८५ ते ९० टक्के आर्द्रता, पुढे वय वाढेल तसे दोन्ही उतरवीत नेऊन शेवटच्या अवस्थेत २४ अंश आणि ७० टक्के. म्हणून शेड पूर्व-पश्चिम लांब, उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट व खिडक्यांना ओले गोणपाट, हिवाळ्यात शेगडी, तीही कोळशाचा धूर बाहेर अंगणात पुरता जळून गेल्यावरच आत आणलेली. उष्णता राखण्याच्या नादात दारे-खिडक्या गच्च लावून घेणारा माणूस अळ्यांना थंडीपासून वाचवतो आणि कोंदट हवेच्या हवाली करतो. लुई पाश्चर १८६५ साली दक्षिण फ्रान्समधील आलेस या गावी रेशीमकिड्यांच्या साथीची चौकशी करण्यास गेला, तेव्हा एका रोगाच्या शोधात त्याच्या हाती दोन लागले. त्यांतला पेब्रिन अंड्यातून वारशाने येतो, परंतु दुसऱ्याला, फ्लॅचेरीला, घरातली वाईट हवाच दार उघडून देते.

माझे पीक मात्र रोगाने गेले नाही. ते गेले एका खिळ्याने. त्या वर्षी जानेवारीत शंभर अंडीपुंजांची, म्हणजे सुमारे चाळीस हजार अळ्यांची तुकडी घेतली होती, आणि तापमापी दाराजवळच्या खांबावर, मला उभ्याने वाचता येईल अशा उंचीवर ठोकली होती. ती रात्रंदिवस पंचवीस दाखवी आणि मी समाधानाने वहीत पंचवीस लिही. चौथ्या कातीच्या वेळी कंदील घेऊन सर्वांत वरच्या कप्प्यात डोकावलो, तर तिथल्या अळ्या पुढचे अंग उचलून, कातडी ताणल्यामुळे किंचित पिवळट, चकचकीत होऊन निश्चल बसलेल्या; आणि अगदी खालच्या कप्प्यात, फरशीच्या गारव्याला, पाल्यावर सर पडावी तसा खाण्याचा आवाज चाललेला! उष्णता पत्र्याखाली साठली होती, थंडी जमिनीलगत बसली होती, आणि माझा पंचवीस हा आकडा मधल्या कप्प्यापुरताच खरा होता. वरच्या अळ्या कात टाकून उठल्या, तेव्हा खालच्या नुकत्या बसत होत्या. मी मात्र सर्वांना एकाच वेळी पाला घातला, आणि झोपलेल्या त्याखाली दडपल्या. कोष झाले ते लहानमोठे. बाजारात व्यापाऱ्याने मूठभर कोष तळव्यावर खुळखुळवले व काहीही न बोलता खालच्या प्रतीचा भाव लिहिला. त्याचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून उष्णता आणि प्रकाश यांकडे मी अळीच्या सुखसोयी म्हणून पाहत नाही. या गर्दीचे ते घड्याळ आहे. अंड्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसू लागला, की अंडी काळ्या कागदात गुंडाळून सुमारे दोन दिवस अंधारात ठेवावयाची; जी पुढे गेलेली असतात ती त्या अंधारात थांबून राहतात, मागची त्यांना गाठतात, आणि ठरल्या दिवशी पहाटे कागद सोडून उजेड दाखवला, की दोन-तीन तासांत सगळी तुकडी हजेरीस उभी! एवढे आज्ञाधारक प्रजाजन मी अन्यत्र पाहिलेले नाहीत. उलट अळ्या कोषावर आल्या, की उजेड मंद आणि चहूकडे सारखा हवा. खिडकीतून एका बाजूने ऊन आत आले तर चंद्रिकेवरच्या, म्हणजे कोष विणण्याच्या चटईवरच्या, अळ्या सावलीच्या बाजूला दाटी करतात, आणि त्या दाटीत दोघी मिळून एकच कोष विणतात. अशा जुळ्या कोषाचा धागा सलग उकलत नाही.

आता शेडमध्ये तीन तापमापी टांगलेल्या आहेत, वर, मध्ये आणि खाली, नेमक्या अळीच्या पातळीवर. खालची वाचण्यासाठी मला गुडघे टेकावे लागतात. पंखा मंद फिरवूनही वरची अजून दीड अंश अधिकच दाखवते. म्हणून कातीच्या दिवसांत चुना प्रथम वरच्या कप्प्यात धुरळतो, आणि तिथल्या अळ्या उठल्या तरी खालच्या उठेपर्यंत त्यांना पाला घालीत नाही.