कपडे राखणारा

आमच्या गावात पोहणं कुणी शिकवत नसे. मोठा भाऊ पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचा. दोन-चार दिवस नाकातोंडात पाणी गेलं की आपोआप जमायचं. आम्ही चौघं भाऊ असेच शिकलो. पाचवा, सर्वांत धाकटा, तेवढा राहिला. दोन वर्षांचा असताना पोलिओनं त्याचे दोन्ही पाय गेले होते. आम्ही त्याला खांद्यावर बसवून विहिरीवर न्यायचो, आंब्याखाली ठेवायचो आणि म्हणायचो, "तू कपडे राख."

एकदा तो म्हणाला, "भाईजान, मलाबी डबा बांधा की."

आम्ही हसलो. "पाय चालत नाहीत, पाणी कशानं मारशील?" अम्मीला हे कळलं तेव्हा तिनं आम्हांलाच शाबासकी दिली. भावानं पुन्हा विचारलं नाही. आपण त्याला जपतो आहोत, असंच आम्हांला वाटत होतं.

पुढं १९७२ चा दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसू लागला आणि पोहणंच बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथं, सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पाण्यात उतरले. पन्नास मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केलं. तो विश्वविक्रम होता आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदकही. पेटकर सैन्याच्या ईएमई दलातले जवान, मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली आणि कंबरेखालचं अंग लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि त्याच पोहण्यानं त्यांना हायडेलबर्गला नेलं.

आमच्या घरात ही बातमी आलीच नाही. आम्हांला पेटकरांचं नाव कळलं ते २०१८ साली, त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा. म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. भावानं वर्तमानपत्रातला तो मजकूर कापून आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लावला. २०२४ मध्ये त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' आला, तो आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या रात्री जेवताना भाऊ एवढंच बोलला, "पाणी हातांनीच मारतात, भाईजान."

घास तसाच राहिला. आम्ही त्याच्या खांद्यांकडं पाहिलं. साठ वर्षं कुबड्यांवर अंग पेलून ते खांदे आम्हां चौघांपेक्षा भरदार झाले होते. पाण्यात अंगाचा भार पाणी उचलतं, हे आम्हांला विहिरीनं शिकवलं होतं. पण ज्याचा भार जमिनीवर सगळ्यांत जड, त्यालाच आम्ही काठावर बसवलं. पेटकरांसारखं पदक त्यानं आणलं असतं, असं आम्ही म्हणत नाही. बहुधा नसतंच आणलं. पण निदान गटांगळ्या तरी खाल्ल्या असत्या. तो हक्क आम्ही मायेच्या नावाखाली काढून घेतला. कुणी दुष्टपणा केला असता तर त्याला भांडता तरी आलं असतं. मायेशी कसं भांडायचं?

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतली पोरं तरणतलावावर निघाली. त्यांच्यात एका पायानं अधू असलेली शेजाऱ्यांची नऊ वर्षांची मुलगी होती. तिच्या हातात सगळ्यांच्या पिशव्या दिलेल्या. भावानं दुकानातूनच तिच्या अब्बाला हाक मारली.

"हिला पिशव्या राखायला बसवू नका."

"बुडाली तर, चाचा?"

आमच्याही तोंडावर तेच आलं होतं. भाऊ म्हणाला, "शिकवणारा असतो तिथं. तुम्हीही उतरा तिच्याबरोबर. मी येतो."

दुकान बंद करून तो खरोखर गेला. आम्हीही मागोमाग गेलो. पहिल्या दिवशी ती पोरगी रडली, दुसऱ्या दिवशी तिनं पाणी गिळलं. आठवड्याभरानं कठडा सोडून चार हात मारले आणि ओरडून विचारलं, "चाचा, पाहिलं का?"

भाऊ काठावर बसला होता. तिची कुबडी त्याच्या मांडीवर होती. "पाहिलं," तो म्हणाला. आम्ही काहीच बोललो नाही. बोलायचं ते पन्नास वर्षांपूर्वी विहिरीवर बोलायला हवं होतं.